मागची सीट

पहिल्या राउंडअबाउटला सदानंद नेहमीप्रमाणे मोठ्यानं "वळण!" म्हणाला, गाडी गोल फिरून शाळेच्या रस्त्याला लागली, आणि तेव्हा कुठे मागून मालविका त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, यू फरगॉट रुकैया." विसरलो नाही, ती आज आलीच नव्हती, असं त्यानं सांगितलं. अगदी सहज सांगितलं, कारण ते खरं होतं. "शी वॉज देअर, बाबा. आंटी पण होती. शी वॉज वेव्हिंग." त्यानं वरच्या आरशात पाहिलं. चारही मुलं त्याच्याकडे बघत होती, आणि एकाच्याही तोंडावर थट्टा नव्हती. शनिवार सकाळ, दोह्यातल्या आठवड्याचा पहिला दिवस, ऑक्टोबर उजाडला तरी साडेसहालाच स्टिअरिंगला हात लावताना जपून लावावा लागत होता. पुढच्या राउंडअबाउटवरून त्यानं गाडी परत फिरवली. वाटेत तो मनात ओल्ड एअरपोर्ट वस्तीतली रुकैयाची ती तिसरी गल्ली पुन्हा बघत होता. फाटकाजवळची बोगनवेल, पाण्याची टाकी, उघडं निळं फाटक. फाटकात कुणी नव्हतं. त्यानं थांबून, नीट पाहून, मगच गिअर टाकला होता. हे सगळं त्याला स्वच्छ आठवत होतं आणि म्हणून मुलीचा जरा रागच येत होता. गल्लीत शिरल्याबरोबर त्यानं मान पूर्ण उजवीकडे वळवली. रुकैयाची आई, ताहेरुन्निसाभाभी, पांढरी ओढणी सावरत फाटकात उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढ्यात दप्तर पाठीला लावलेली रुकैया.

"मैं तो यहीच खडी थी ना भाईसाब," भाभी म्हणाल्या. हैद्राबादच्या बाईचा राग आणि अदब एकाच वाक्यात बसत असे. "हाथ बी हिलाई. आप इधरीच देखे, फिर सीधा निकल गये. नाराज हैं क्या हमसे?"

"नहीं नहीं, भाभी. आँख में धूप आ गयी थी."

भाभींनी मान वर करून पाहिलं. ऊन गाडीच्या पाठीमागून येत होतं, सदानंदच्या नव्हे, त्यांच्याच डोळ्यांत. रुकैयाला त्यांनी आत चढवलं, सरकता दरवाजा दोन्ही हातांनी ओढला, तो धाडकन बसला, आणि त्या आवाजावरून कडी नीट लागल्याचं सदानंदला कळलं. पाच वर्षांत त्या दरवाज्याचा आवाज त्यानं इतक्यांदा ऐकला होता की झोपेतही सांगितलं असतं. दिसलं मात्र नव्हतं. आणि नुसतं दिसलं नसतं तरी एकवेळ चाललं असतं. त्याला रिकामं फाटक दिसलं होतं. बाई आणि मुलगी ज्या जागी उभ्या होत्या त्या जागी त्याच्या डोळ्यांनी निळं फाटक आणि बोगनवेल पुढे ओढून भरली होती, आणि त्यानं बिनदिक्कत विश्वास ठेवला होता. उरलेल्या सगळ्या रस्त्यावर असं काय काय भरलेलं असेल, हा विचार त्याला आला. शाळेपर्यंत त्यानं गाडी तीसच्या वर नेली नाही. मागचे हॉर्न वाजवत पुढे गेले, जाताना त्याच्याकडे बघून गेले.

खरं तर हे त्याला पाच आठवड्यांपूर्वीच सांगण्यात आलं होतं. वाचायचा चष्मा बदलावा म्हणून तो डोळ्यांच्या दवाखान्यात गेला होता, आणि तिथल्या इजिप्शियन डॉक्टरनं चष्म्याचं बाजूला ठेवून त्याला एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासमोर बसवलं होतं. हनुवटी टेकवा, मधल्या ठिपक्याकडे बघा, बाजूला कुठे उजेड दिसला की बटण दाबा. सदानंदनं मन लावून बटण दाबलं. ड्राफ्ट्समन माणूस, पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढण्यात एकवीस वर्षं गेलेली, ठिपका म्हटलं की तो ठिपकाच बघणार. परीक्षा बरी गेली असं त्याला वाटलं. मग डॉक्टरनं कागद समोर ठेवला. दोन डोळ्यांचे दोन गोल, आणि त्यांत पेन्सिलीनं काळी केलेली जागा. उजव्या बाजूला ती बरीच आत आली होती. इतके उजेड लागून विझले आणि आपण एकदाही बटण दाबलं नाही, हे त्याला त्या कागदावरून कळलं. काचबिंदू. गेलं ते परत येणार नाही, डॉक्टर म्हणाला, राहिलंय ते मात्र सांभाळता येईल. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब, आयुष्यभर, चुकवायचा नाही. त्यावर सदानंदनं मान हलवली, कारण राहिलेलं सांभाळणं म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. मग डॉक्टर पेनाचं टोपण लावता लावता म्हणाला, "अँड ड्रायव्हिंग, खलास."

घरी आल्यावर विभावरीनं विचारलं, नंबर वाढला का? तो म्हणाला, थोडा वाढलाय. एवढंच. औषधाची बाटली घरात ठेवली तर तिच्या हाताला लागली असती, ती फडताळातली सुई हरवली तरी ओळखते. म्हणून त्यानं ती गाडीत ठेवली. पुढे सामानाच्या खणात मालविका च्युइंगगम ठेवते, म्हणून तिथे नाही. त्याच्या स्वतःच्या सीटखाली हत्यारांची कातडी पिशवी होती, तिच्यात पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर यांच्या मध्ये. त्या पिशवीला त्याच्याशिवाय घरातलं कुणी हात लावत नसे. सकाळी गाडी गरम करताना एक थेंब, संध्याकाळी गाडी झाकताना एक. पाच आठवड्यांत एकदाही चुकवला नाही. हे तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत असे, वेळच्या वेळी औषध घेणाऱ्या माणसाला गाडी चालवायचा थोडा हक्क राहतो अशा थाटात.

गाडी त्यानं एकोणऐंशी साली घेतली होती. जहाजातून उतरलेली, कोरी, मातकट पांढरी, नऊ माणसं ऐसपैस बसतील अशी जपानी व्हॅन. दोह्यातल्या मराठी माणसांत तेव्हा कुणाकडे अशी गाडी नव्हती, ज्यांच्याकडे होत्या त्यांच्याकडे साध्या चार दारांच्या होत्या. नाशिकला त्याच्या वडिलांकडे सायकल होती आणि तिला ते रोज संध्याकाळी फडक्यानं पुसत. हा तोच हात, फक्त फडकं मोठं झालं. शोरूमवाल्यानं किल्लीबरोबर जे माहितीचं पुस्तक दिलं ते चुकून जपानी निघालं. इंग्रजी मागवतो, तो म्हणाला, इन्शाल्ला. ते काही आलं नाही. मग सदानंदनं तीन महिने रोज संध्याकाळी ते पुस्तक मांडीवर घेऊन एकेक चित्र गाडीशी ताडून पाहिलं आणि प्रत्येक चित्राशेजारी बारीक, नकाशावर लिहितात तशा अक्षरांत, मराठीत लिहून काढलं. हवेची गाळणी, वादळानंतर लगेच झटकणे. पाण्याचे झाकण, इंजिन थंड झाल्याशिवाय उघडू नये. संकटाचे दिवे. पट्टा, बोटाने दाबून पाहणे. दोनशे बारा पानं. जगात जपानी गाडीचं मराठी पुस्तक फक्त आपल्याकडे आहे असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि विभावरी आतून म्हणायची, पाहुण्यांना आधी चहा तरी घेऊ द्या.

या गाडीचं इंजिन पुढे नाकाडात नव्हतं, इकडे डावीकडे असणाऱ्या ड्रायव्हरच्या सीटच्या खाली होतं. सीट मागे उलटली की ते उघडं पडायचं. त्यामुळे सदानंद पाच वर्षं इंजिनावरच बसून होता. उन्हाळ्यात मांड्या भाजत, पण त्या बदल्यात गाडीच्या पोटातलं सगळं त्याला बसल्या जागी कळे. कुठला आवाज नेहमीचा, कुठला नवा. मागे कोण काय बोलतंय ते मात्र त्याला कधी ऐकू येत नसे. मागे चार कुटुंबांची मुलं असत, शुक्रवारी त्यांचे आईबाप, दुखानच्या समुद्राकडे जाताना पिठलं-भाकरीचे डबे. विमानतळावर कुणाला आणायचं, कुणाला पोचवायचं, कुणाच्या सासूला दवाखान्यात न्यायचं, तर फोन सदानंदकडे. नोकरीत वर चढला नाही, मंडळात अध्यक्ष झाला नाही. पण व्हॅनवाले सदानंद म्हटलं की सगळे ओळखत, आणि त्याला ते फार आवडत असे. कबूल करायला लाज वाटेल इतकं आवडत असे. शाळेची बस होतीच की. पण सकाळी ती गावभर हिंडत पावणेसहाला दारात यायची, म्हणून मुलं जाताना सदानंदच्या गाडीतून जात आणि दुपारी बसनं परत येत. जाताना ती त्याची असत.

"वळण!" हे पहिल्या महिन्यापासूनचं. तेव्हा मालविका पाच वर्षांची होती आणि एका राउंडअबाउटला सीटवरून घसरून तोंडावर आपटली. ओठ फुटला. घसरली त्याला कारण सीटवरचं प्लॅस्टिक. शोरूममधून गाडी आली ती सीटवर जाड पारदर्शक प्लॅस्टिक घालून, आणि ते काढायचं असतं हे सदानंदला अजूनही मान्य नव्हतं. खालचं निळं कापड पाच वर्षांत कुणाच्या अंगाला लागलं नव्हतं. नाशिकला भावाकडच्या सोफ्यावरही तसंच होतं आणि तो सोफा अजून नवा होता. विभावरी दर उन्हाळ्यात म्हणायची, काढा हो ते, पोरांच्या पोटऱ्या सोलतात. तो म्हणायचा, कापड एकदा खराब झालं की झालं. त्यानं प्लॅस्टिक काढलं नाही, त्याऐवजी दर वळणाला ओरडायला लागला. आता त्याला त्यातलं काही वेडगळ वाटेनासं झालं होतं.

ऑफिसात त्या दिवशी त्यानं एकही रेघ ओढली नाही. समोरच्या कागदावर त्याला सगळं नीट दिसत होतं, केसाइतकं बारीक दिसत होतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती. दोनला ऑफिस सुटलं तेव्हा घरी जायचं त्याला सुचेना. दुपारपर्यंत भाभींनी विभावरीला सांगितलं असणार. इंजिनातल्या टॅपेटचा आवाज येतोय असं स्वतःला सांगून त्यानं गाडी इंडस्ट्रियल एरियाकडे काढली. तिथे एका पत्र्याच्या गॅरेजमध्ये केरबा होता. म्हसवडचा माणूस, बायकामुलं गावी, दोन वर्षांतून एकदा सुट्टी. या गाडीला सदानंदखेरीज हात लागला असेल तर तो केरबाचा.

केरबानं इंजिन चालू करायला सांगितलं, कान लावला, बंद करायला सांगितलं. "टॅपेट बेस हाय," तो म्हणाला. मग तो उठून गाडीच्या उजव्या बाजूनं हळूहळू चालत गेला, तळहात पत्र्यावरून फिरवत. आरशापाशी थांबला, दरवाज्यापाशी थांबला, मागच्या चाकापाशी थांबला. "सायेब, हे जूनमधलं. मीच बुजावलं. हा आरसा गणपतीच्या आधी बदालला. हे नवं दिसतंय. ह्ये बी नवं." तो पलीकडून फेरी मारून परत आला. "डाव्या अंगाला पाच वर्सांत वरखडा न्हाई. आन उजव्या अंगाला चार म्हैन्यांत चार. असं का वो?"

"रस्ते अरुंद आहेत तिकडचे."

"दोह्यात रस्ते अरुंद?" केरबा हसला नाही. बोळ्यानं हात पुसत उभा राहिला. "माझ्या बाचं असंच झाल्तं. म्हातारा एका अंगानं भितीला घासत चालायचा आन भितीला शिव्या द्यायचा. आमी सगळी हसायचो. आमाला काय ठावं." मग, नेहमीची सवय म्हणून की आणखी काही, त्यानं ड्रायव्हरची सीट उलटली, पट्टा बोटानं दाबून पाहिला आणि हत्यारांची पिशवी बाजूला सारली. पिशवीतून बाटली घरंगळली. त्यानं ती उचलली आणि झटकन दुसऱ्या हातात घेतली, इतकी ती तापली होती. "ह्ये काय?"

"डोळ्यात घालायचं औषध."

"हितं?" केरबानं बाटली उजेडाकडे धरली. त्यावर बारीक अक्षरात थंड जागी ठेवण्याची सूचना इंग्रजीत होती, अरबीतही होती. केरबाला दोन्ही वाचता येत नव्हतं, पण त्याची गरज नव्हती. "रोज घालता?"

"रोज. दोनदा."

"शिजवून?"

इंजिन थंड झाल्याशिवाय पाण्याचं झाकण उघडू नये, हे ज्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, त्यानंच पाच आठवडे डोळ्यांचं औषध इंजिनावर ठेवलं होतं आणि ते आपण चुकवत नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटली होती. शरमेनं सदानंदचे कान गरम झाले. मालकाला सांगून मी येतो सोडायला, केरबा म्हणाला. नको, सदानंद म्हणाला, जाईन मी सावकाश. केरबानं बाटली त्याच्या खिशात ठेवली, सीट खाली बसवली. "वरखडे मी बुजावनार न्हाई आता," तो म्हणाला. "असू द्या तसंच. दिसू द्या सगळ्यांना."

सदानंद सावकाश निघाला. दर दहा पावलांना मान उजवीकडे, मान डावीकडे, पुन्हा समोर. असं बघितलं की दिसत होतं, पण समोर बघेपर्यंत उजवीकडचं जुनं होत होतं. सलवा रोडच्या मोठ्या राउंडअबाउटला तो थांबला आणि थांबूनच राहिला. डावीकडून गाड्यांची रांग येत होती, मध्येच जागा पडत होती, दरवेळी त्याचा पाय क्लचवरून उचलला जात होता आणि दरवेळी त्याला ते निळं फाटक आठवत होतं. समोर दिसतंय ते आहे की भरलेलं आहे? मागे टॅक्सीवाले हॉर्नवर हात दाबून बसले. कुणीतरी "यल्ला! यल्ला!" ओरडत शेजारून गेला, आणि तो शेजारी आलेला सदानंदला फक्त ऐकू आला. त्यानं संकटाच्या दिव्यांचं बटण दाबलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच. चित्राशेजारी लिहून ठेवलं होतं, उपयोग आज झाला. गाडी इंचाइंचानं कडेला घेऊन तो खाली उतरला, तेव्हा त्याच्या पाठीला शर्ट चिकटला होता. रडू येईल असं त्याला वाटलं. आलं नाही, म्हणून तो कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे किराणा दुकानात, शिरला आणि मल्याळी दुकानदाराला विचारून घरी फोन लावला.

"गाडी बंद पडलीय," तो म्हणाला.

"ती बंद पडत नाही," विभावरी म्हणाली. "तुम्हाला काय झालंय?"

दुकानात फ्रिज घुरघुरत होता. "तू ये," तो म्हणाला. "टॅक्सीनं ये. तुझं लायसन्स घेऊन ये."

दोन वर्षांपूर्वी तिनं हट्टानं ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं होतं, तीनदा परीक्षा दिली, तिसऱ्यांदा पास झाली, आणि सदानंदनं पेढे आणले होते. गाडीची किल्ली मात्र दिली नव्हती. ही जड आहे, हिचं इंजिन खाली आहे, हिचं वळण मोठं आहे, बघू पुढे. ते पुढे काही आलं नव्हतं. लायसन्स कपाटाच्या लॉकरमध्ये असेल, तिला शोधावं लागेल, असं त्याच्या मनात आलं.

"ते पर्समध्येच असतं," विभावरी म्हणाली. "कुठे येऊ ते सांगा."

टॅक्सीतून उतरल्यावर ती आधी गाडीकडे गेली नाही, त्याच्याकडे आली. त्यानं खिशातून बाटली काढून तिच्या हातात दिली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाडगा, कागदावरची काळी जागा, खलास, फाटक, केरबा. सांगताना तो तिच्या तोंडाकडे बघत होता, मधोमध असल्यामुळे ते तोंड त्याला अगदी स्पष्ट दिसत होतं. आधी ते घाबरलं, मग रागावलं. "पाच आठवडे!" ती म्हणाली. "अहो, पाच आठवडे पोरं भरून हिंडवलीत तुम्ही! ताहेरुन्निसाची एकुलती एक मुलगी ती!" आणि लगेच, बाटलीकडे पाहून, "आणि हे इंजिनावर? माणसानं करावं तरी काय तुमचं?" तिचा आवाज फुटला. दुकानदार बाहेर येऊन उगाच बर्फाची पेटी सारखी करायला लागला. सदानंद म्हणाला, "चुकलं माझं." मग जे पाच आठवडे कुणाला सांगितलं नव्हतं ते म्हणाला. "गाडी नसली तर मी कोण, विभा? मला कोण फोन करणार?"

विभावरीनं पदरानं डोळे पुसले. "मी करेन," ती म्हणाली. "घरातल्या घरात. द्या किल्ली."

किल्ली देऊन तो सवयीनं डाव्या दरवाज्याकडेच चालत गेला आणि तिला वाट देण्यासाठी त्याला मागे सरकावं लागलं. मग गाडीला वळसा घालून तो पलीकडे शेजारच्या सीटवर चढला. तिनं सीट पुढे घेतली, आरसा खाली केला, साडीचा काठ पायातून बाजूला खोचला. क्लच खोल दाबावा लागतो, तो म्हणाला. गरम असताना चोक अजिबात... "पान सत्तेचाळीस," विभावरी म्हणाली. "गरम असताना चोक ओढू नये, दोनदा पाय देऊन किल्ली फिरवावी. तुमचंच अक्षर आहे." तो बघतच राहिला. ती समोर बघत होती. "दुपारी तुम्ही नसता तेव्हा काय वाचणार मी? दोनदा वाचून झालंय. पट्टा मात्र कुठे असतो ते चित्रावरून कळत नाही, तेवढं दाखवा एकदा." गाडी एकदा आचका देऊन बंद पडली, मागच्यानं हॉर्न वाजवला, तिनं पुन्हा चालू केली. राउंडअबाउटच्या तोंडाशी ती थांबली, मान वळवून बघितलं, आणि जागा पडताच गाडी आत घातली. सदानंदनं दाराची मूठ धरली होती. त्याला दिसत नव्हती त्या सगळ्या बाजूला आता ती बघत होती, हे कळायला त्याला अर्धा फेरा लागला. मग त्यानं मूठ सोडली. संध्याकाळी तीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली, आणि नवी बाटली फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली गेली.

रविवारी सकाळी, पहिला थेंब घातल्यावर, तो खाली आला तेव्हा मुलं आधीच बसली होती. मालविका पुढे आईशेजारी जाऊन बसली होती, अर्थातच. त्याच्यासाठी दरवाज्याजवळची मधली सीट रिकामी होती. स्वतःच्या गाडीत तो आजवर तिथे कधी बसलाच नव्हता. बसल्याबरोबर प्लॅस्टिक करकरलं आणि विजारीतूनही त्याला त्याचा चटका बसला. त्यानं आजूबाजूला पाहिलं, मान पूर्ण फिरवून, एकेक करून. एकानं खाली दप्तर घेतलं होतं, एकीनं शाळेची वही, एकानं दोन्ही तळहात. पाच वर्षं ही पोरं अशीच बसत असणार आणि कुणी त्याला बोललं नव्हतं, किंवा बोलली असतील आणि इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसेल. त्याला फार वाईट वाटलं. सीटच्या कडेला प्लॅस्टिकची शिवण होती. त्यानं तिथे नख घातलं, शिवण जराशी उसवली, आणि आतलं निळं कापड बोटाला लागलं, मऊ आणि गार.

तिसऱ्या गल्लीत विभावरीनं गाडी थांबवली. सदानंदनं मान उजवीकडे वळवली, वळवलेलीच ठेवली, आणि मग दरवाजा आतून सरकवला. निळं फाटक, बोगनवेल, आणि ताहेरुन्निसाभाभी. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पुढच्या सीटवरच्या विभावरीकडे. "भाभी," तो म्हणाला, "कल धूप नहीं थी. मेरी आँख खराब है. मैं आपको बताया नहीं, गलती हो गयी." भाभींनी रुकैयाला उचलून त्याच्याच शेजारी बसवलं आणि तिची ओढणी तिच्याखाली सारली. "अल्ला शिफा दे," त्या म्हणाल्या. "पकड के बिठाना भाईसाब, उछलती बहुत है." दरवाजा त्यानंच ओढला. आतून तो आवाज वेगळा येत होता, पण कडी लागली ते कळलं.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. इथे मागे इंजिन लांबून ऐकू येत होतं आणि त्याच्यावरून सगळं काही ऐकू येत होतं, वह्यांची सळसळ, कुणाचं नाक ओढणं, मालविकाचं आईला इंग्रजीतून रस्ता सांगणं. पहिला राउंडअबाउट जवळ आला तशी मागची कुजबुज थांबली. सदानंदला वाटलं पोरं घाबरली. तो मागे वळून बघतो तर त्यांनी एकमेकांचे दंड धरले होते, रुकैयानं त्याची बाही धरली होती, सगळी जरा उजवीकडे कलण्याच्या तयारीत बसली होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. पुढून मालविकानंही मान वळवली होती. तिनं डोळे मोठे केले. "बाबा," ती म्हणाली, आणि मग चक्क मराठीत, "बोला ना!"

विभावरीनं गाडी आत घातली. सदानंदनं श्वास घेतला आणि "वळण!" म्हणाला, आणि त्याच क्षणी, त्याच्याबरोबर, त्याच्याच सुरात, मागची चारही मुलं आणि पुढची मालविका "वळण!" म्हणून ओरडली, रुकैया सगळ्यांत मोठ्यानं, आणि सगळी एकदम उजवीकडे झुकली. ती रोजच ओरडत असणार. इतकी वर्षं रोज. तो फक्त इंजिनावर बसलेला होता. तोही झुकला, त्यांच्याबरोबर, दरवाज्याकडे, आणि गाडी गोल फिरून शाळेच्या रस्त्याला लागेपर्यंत तसाच राहिला.

"पुढे अजून तीन आहेत," विभावरी आरशात बघून म्हणाली. "प्रत्येकाला सांगा."